नवशिक्याने ट्रकच का घ्यावा

प्लॅस्टिकचे मॉडेल जोडायला बसणाऱ्या नवख्या माणसाला जो तो एकच सल्ला देतो. आधी एखादी सोपी मोटार घ्या, तीही गोंद न लागणारी, नुसती दाबून बसणारी. हात बसला की मग पुढचे बघा. ट्रक सगळ्यांत शेवटी, आणि जुन्या साच्यातला अमेरिकन ट्रक तर घेऊच नका, कारण त्यात सुटे भाग शेकड्यांनी, पत्रक अपुरे आणि एकही सांधा धड जुळत नाही. हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो आणि त्यातली प्रत्येक तक्रार खरी असते, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला चुकीचा वाटतो. तो काढताना अवघडपणा मोजला जातो भागांच्या संख्येवर, आणि नवशिक्या खरे म्हणजे भागांच्या संख्येने हरत नाही. जिथे एकदा चुकले की मागे फिरता येत नाही, अशा जागी तो हरतो. त्या जागा मोटारीत थोड्या असतात, पण नेमक्या डोळ्यांसमोर असतात. ट्रकमध्ये काम पुष्कळ असते, पण जवळजवळ सगळे उलगडून पुन्हा करण्यासारखे असते. त्यामुळे काही महिन्यांचे रविवार द्यायची तयारी असलेल्या प्रौढ माणसाने पहिलेच मॉडेल म्हणून १९७० च्या दशकातला ट्रक घ्यावा, हे म्हणणे वाटते तितके आडमुठे नाही.

आधी हे ट्रक कुठले ते पाहू. अमेरिकेत मिशिगन राज्यात, मोटारींच्या राजधानीच्या म्हणजे डेट्रॉइटच्या शेजारी, एएमटी नावाची कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली. मोटार कंपन्यांच्या विक्रेत्यांना दुकानात ठेवायला नव्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती लागत. त्या पुरवणे हा तिचा मूळ धंदा. पुढे त्याच प्रतिकृती सुट्या भागांत, घरी जोडण्यासाठी विकता येतील हे ध्यानात आले आणि किटचा व्यवसाय फोफावला. १९७० च्या सुमारास कंपनीने पीटरबिल्ट ३५९ हा लांब नाकाचा ट्रक बाजारात आणला आणि त्यामागोमाग केनवर्थ डब्ल्यू-९२५, पीटरबिल्ट ३५२, जीएमसी ॲस्ट्रो, शेवरोले टायटन, फोर्ड सी-६००, मॅक अशी रांगच लागली. वेळही बरी होती. ट्रकचालक त्या दशकात अमेरिकेचा लोकनायक झाला होता; १९७३ च्या तेलटंचाईनंतर आलेली वेगमर्यादा, तिला चुकवण्यासाठी चालक ज्यांवरून आपसात बोलत ते सीबी रेडिओ, त्यांच्यावरची गाणी, चित्रपट, १९७४ ते १९७६ या काळात चाललेली ‘मूव्हिन ऑन’ ही दूरचित्रवाणी मालिका, या सगळ्यांनी ट्रकला घराघरांत नेले. कंपनीची मालकी पुढे बदलत गेली. १९७८ मध्ये ती मॅचबॉक्स गाड्या करणाऱ्या लेस्नीकडे, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्टलकडे आणि अखेर राउंड २ या कंपनीकडे गेली. पण त्या वेळच्या साच्यांतून काढलेले ट्रक आजही अधूनमधून नव्या खोक्यात घालून विकले जातात. म्हणजे ‘जुने किट’ म्हणताना दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत: जुना साचा आणि जुने खोके. नवशिक्याला जुना साचा चालेल, जुने खोके नको. कारण पुढे येईलच.

या ट्रकांचे प्रमाण पंचविसास एक. एक फुटाला अर्धा इंच धरले की चोविसास एक हे प्रमाण येते आणि युरोपातल्या कंपन्यांचे, उदाहरणार्थ इटलीच्या इटालेरीचे, ट्रक त्या मापाचे असतात. डेट्रॉइटच्या परंपरेत मात्र पंचवीस रुजले. मापाचा हिशेब सोपा आहे. खऱ्या ट्रकचे साधारण एक मीटर उंचीचे टायर इथे चार सेंटिमीटरचे होते, सात मीटरचा ट्रक अठ्ठावीस सेंटिमीटरचा. मोटारीच्या मानाने हे भाग मोठे, बोटांत धरता येण्याजोगे. बारा-तेरा मिलिमीटर जाडीची ब्रेकची हवेची नळी इथे अर्ध्या मिलिमीटरची होते, म्हणजे बारीक तारेचा तुकडा वळवून लावला तरी ती नळी दिसते. सुटे भाग पुष्कळ असण्यातली पहिली गंमत ही, की त्यातल्या बऱ्याचशा भागांची नक्कल करायला घरातली तार किंवा पत्र्याची पट्टी पुरते.

ट्रकांच्या या यादीत दोन जाती दिसतील: लांब बॉनेटचे, आणि इंजिनाच्या डोक्यावर केबिन बसवलेले चपट्या तोंडाचे. मराठी वाचकाला दुसरी जात ओळखीची वाटेल, कारण आपल्या महामार्गांवर आता तीच आहे. अमेरिकेत मात्र ही विभागणी कायद्यातून आली होती. अनेक राज्यांत ट्रक आणि ट्रेलर मिळून एकूण लांबीवर मर्यादा असे. त्यात पुढचे नाक जितके आखूड तितका मालाचा डबा लांब, म्हणून धंद्याचे गणित चपट्या तोंडाकडे झुकले. पश्चिमेकडच्या राज्यांत नियम सैल होते, तिथे लांब नाकाचे पीटरबिल्ट शोभत. १९८२ मध्ये केंद्रीय कायद्याने मोठ्या महामार्गांवर एकूण लांबीची मर्यादा काढून टाकली, फक्त ट्रेलरची लांबी मोजायची असे ठरवले, आणि चपट्या तोंडाचे ट्रक तिथल्या लांब पल्ल्याच्या रस्त्यांवरून हळूहळू दिसेनासे झाले. किटच्या खोक्यात मात्र ते जसेच्या तसे राहिले. एखादा साचा पन्नास वर्षे जपला जातो तेव्हा त्याच्याबरोबर एक रद्द झालेला नियमही जपला जातो, हे या छंदाचे एक आडवाटेचे महत्त्व आहे.

आता मुख्य मुद्दा. मोटारीचे मॉडेल चांगले की वाईट हे कशावरून ठरते? टपापासून डिकीपर्यंत पसरलेल्या एका वळणदार, चकचकीत, रंगवलेल्या पृष्ठभागावरून. बघणारा तिथेच बघतो, आणि रंगकामातले सगळ्यांत अवघड काम तेच आहे. आकडे पाहा. खऱ्या मोटारीच्या पत्र्यावरचा रंग, अस्तर आणि वरचा पारदर्शक थर धरून, साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. पंचविसाव्या हिश्शात तो ०.००४ मिलिमीटर व्हायला हवा. फवाऱ्याच्या डब्यातून मारलेला एक हात सहज ०.०३ मिलिमीटरचा पडतो, म्हणजे खऱ्या मापात पाऊण मिलिमीटर. असे चार हात बसले की खऱ्या मोटारीवर तीन मिलिमीटरचा लेप दिल्यासारखे होते: दारांच्या फटी बुजतात, बोधचिन्हे वितळल्यासारखी दिसतात. त्यातच एक ओघळ आला, धुळीचा एक कण बसला, की सगळा पृष्ठभाग उतरवून पुन्हा सुरुवात. सोपी म्हणून घेतलेली मोटार बारा-पंधरा भागांत जुळते खरी, पण नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात या परीक्षेला बसवते.

ट्रकचे सौंदर्य दुसरीकडे असते. केबिन, बॉनेट, मागची झोपण्याची पेटी, इंधनाच्या टाक्या, बॅटरीचे खोके हे सगळे सुटे तुकडे. एकाचा रंग बिघडला तर तेवढाच एक उतरवायचा. पत्रे बहुतेक सपाट, रिबिटांच्या ओळींनी कापलेले, त्यामुळे नजर एका जागी ठरत नाही. आणि निम्मा ट्रक तर केबिनखाली आणि मागे उघडा असतो: चासी, ॲक्सल, पाटे, हवेच्या टाक्या, गिअरबॉक्समधून मागे जाणारा शाफ्ट. तिथला काळा-करडा रंग ब्रशने लावला तरी चालतो, कारण खऱ्या ट्रकवरही तिथे तेलकट धूळच असते. इथे एक आक्षेप रास्त आहे. धूळ-चिखल दाखवून चुका झाकायच्या ही पळवाट झाली. आणि पीटरबिल्ट ३५९ सारखा ट्रक बहुधा ज्याचा तोच चालवणारा मालक घेई, तो त्याला आरशासारखा पुसून ठेवी. खरे आहे. म्हणून केबिनवर धूळ मारू नये. पण कितीही हौशी मालक असला तरी हजारो मैल धावणाऱ्या ट्रकचे डिफरन्शियल तो रोज पुसत नव्हता, आणि नवशिक्याच्या हातून बहुतेक चुका होतात त्या नेमक्या याच खालच्या अंगाला.

भागांच्या संख्येचे काय? तिची भीती पत्रक उघडल्यावर वाटते, काम सुरू झाल्यावर नाही. ट्रकचे किट म्हणजे खरे तर आठ-दहा छोटी मॉडेल: इंजिन हे एक, पुढचा ॲक्सल दुसरे, मागच्या ॲक्सलांची जोडी तिसरे, केबिनचा आतला भाग चौथे. प्रत्येक एका-दोन बैठकांत उरकते आणि बाजूला ठेवता येते. त्यात ही जोडणी निरर्थक नसते. एएमटीच्या कित्येक जुन्या पत्रकांत भागाच्या आकड्याशेजारी त्याचे नावही छापलेले असे, त्यामुळे जोडता जोडता माणूस यंत्र शिकतो. या किटांतून कमिन्स किंवा डेट्रॉइट डिझेलची इंजिने येतात. सहा सिलिंडर एका रांगेत उभे दिसले तर ते कमिन्सचे असण्याचा संभव मोठा. सिलिंडरांच्या दोन तिरक्या रांगा आणि त्यांच्यामधोमध हवा ढकलणारा ब्लोअर दिसला तर ते डेट्रॉइटचे टू-स्ट्रोक डिझेल. त्याच्या ८व्ही-७१ या नावातला ७१ म्हणजे एका सिलिंडरचे घनइंचातले आकारमान. आठांचे मिळून ५६८ घनइंच. कमिन्सशी तर पुण्याचे नातेच आहे. १९६२ मध्ये किर्लोस्करांनी या अमेरिकन कंपनीशी भागीदारी करून पुण्यात कारखाना काढला, त्यामुळे शनिवार पेठेतला वाचकही हे नाव ऐकून असतो. इंजिनाचा असा एकेक अवयव हातात घेऊन त्याच्या जागी बसवताना जे कळते ते बॉनेट न उघडणाऱ्या मोटारीच्या किटमध्ये मिळत नाही. तिथे बरेचदा इंजिन नसतेच, आणि चासी म्हणजे एक अखंड तळ, ज्यावर सगळे नुसते उठावाने कोरलेले.

जुन्या साच्याच्या दोषांकडे वळू, कारण विरोधकांचा खरा भर तिथे आहे. पोलादी साच्याचे दोन अर्धे भाग मोठ्या दाबाखाली एकमेकांवर बसतात आणि मध्ये वितळलेले पॉलिस्टायरीन घुसवले जाते. हजारो वेळा उघडमीट झाल्यावर साच्याच्या कडा झिजतात, फटीतून प्लॅस्टिक बाहेर येते आणि भागाच्या कडेला पापुद्रा राहतो. तो सुरीच्या पात्याने खरवडून, वर पॉलिश पेपर फिरवून जातो. जाड भाग थंड होताना आतून आक्रसतो आणि वर खळगा पडतो. तिथे लांबी भरायची, वाळली की घासायची. साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे उरतात. दिसणार असतील तर भरायचे, नाहीतर सोडून द्यायचे. भाग साच्याला चिकटू नये म्हणून फवारलेल्या द्रव्याचा ओशट थर राहतो, त्यावर रंग धरत नाही. सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात ते सगळे सांगाडे भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुऊन घेतले की झाले. या प्रत्येक दोषाला कारण आहे, आणि कारण कळले की उपाय जवळजवळ आपोआप सुचतो. नव्या, काटेकोर साच्याच्या किटमध्ये हे दोष नसतात म्हणून ते चांगले, हे मान्य. पण ते किट जोडून संपल्यावर माणसाला पत्रकाबाहेरचे काही आलेले नसते.

गोंदाची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण पहिले मॉडेल बिघडते ते बहुधा इथेच. पॉलिस्टायरीनसाठीचा गोंद हा खरे तर चिकटवत नाही, विरघळवतो. त्यातले द्रावक दोन्ही कडांना मऊ करते, दोन्हीकडच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात, द्रावक उडून जाते आणि सांधा उरतच नाही. दोन भागांचा एक भाग होतो. यातून तीन गोष्टी निघतात. गोंद जास्त लावला तर मजबुती वाढत नाही, भाग वितळतो. मध्ये रंगाचा थर असेल तर द्रावक प्लॅस्टिकपर्यंत पोचत नाही, म्हणून सांध्याची जागा खरवडून कोरी करावी लागते. आणि सांधा हाताला घट्ट लागला तरी तो पुरता कडक व्हायला रात्र जावी लागते. तोवर त्याला ओढाताण सोसत नाही, पण तेवढ्याच वेळात तो थोडा हलवून सरळही करता येतो. नवशिक्याला ही सवलत मोलाची आहे. आपल्याकडे घरोघरी असलेला पांढरा फेव्हिकॉल पॉलिस्टायरीनला धरत नाही, कारण तो लाकूड-कागदात मुरून पकड घेणारा गोंद आहे आणि इथे मुरायला जागा नाही. पण खिडकीच्या काचा बसवायला तोच उत्तम, कारण तो वाळला की पारदर्शक होतो आणि काचेला काही करत नाही. फेव्हिक्विकच्या जातीचा झटपट गोंद प्लॅस्टिकला धरतो, पण क्षणात. चुकले तर सरळ करायला उसंत नाही, आणि त्याच्या वाफेने काचेवर पांढरे धुके बसते.

मागे फिरता येत नाही अशी ट्रकमधली जागा एकच, आणि ती म्हणजे चासी. दोन लांब कण्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, एवढीच तिची रचना. पण पुढे सगळा ट्रक तिच्यावर उभा राहणार असतो. पुढे दोन टायर, मागे दोन ॲक्सलांवर चार-चार, असे दहाही टायर जमिनीला टेकले पाहिजेत. एखादी कणी मध्ये एका मिलिमीटरने वाकलेली असेल तर मागचे एक चाक हवेत राहते आणि मग केबिन कितीही सुरेख रंगवली तरी ट्रक लंगडा दिसतो. म्हणून कामाची सुरुवात पत्रकात काहीही छापलेले असो, कण्यांपासून करावी. प्रत्येक कणी काचेच्या तुकड्यावर किंवा स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर आडवी ठेवून खालून उजेड येतो का पाहावे. येत असेल तर घाबरू नये. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते, पण गिझरच्या कडक पाण्यातही त्याच्यातला ताण थोडा सैल होतो. कणी मिनिटभर त्या पाण्यात धरावी, दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबावी आणि तशीच थंड पाण्याखाली न्यावी. एकदा पुरत नाही, पुन्हा करावे. उकळते पाणी मात्र वापरू नये. त्यात बाक निघण्याऐवजी पीळ पडतो.

कण्या सरळ झाल्या की आडव्या पट्ट्या कोरड्याच बसवून पाहाव्या. चासी रबरबँडने बांधून सपाट काचेवर ठेवावी, एका कोपऱ्याला सुताराचा छोटा गुण्या लावावा, आणि सगळे काटकोनात आहे याची खात्री झाल्यावरच पातळ गोंदाचा एकेक थेंब ब्रशने सांध्याच्या फटीशी टेकवावा. तो फटीत आपणहून ओढला जातो. वर एखादे जाड पुस्तक ठेवून रात्रभर विसरावे. दुसऱ्या दिवशी पाटे आणि ॲक्सल न चिकटवता बसवून, चाके घालून, चारही बाजूंनी डोळा जमिनीच्या पातळीला आणून पाहावे. कमीजास्त असेल तर ॲक्सलच्या बैठकीत पातळ प्लॅस्टिकची चकती घालून किंवा ती किंचित घासून भरून काढता येते. चिकटवण्याची पाळी त्यानंतर. हे दोन-तीन दिवसांचे काम आहे आणि यात हातचलाखी लागत नाही, फक्त मोजमाप लागते. ट्रकमधली एकमेव अक्षम्य पायरी नवशिक्याला जमण्याजोगी आहे, आणि ती कामाच्या सुरुवातीलाच येते, जेव्हा उत्साह शाबूत असतो. मोटारीत ती शेवटी येते.

चमकणारे भाग, म्हणजे बंपर, जाळी, टाक्या, धुराड्याच्या उभ्या नळ्या, यांवरचा क्रोम खरा क्रोम नसतो. निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ थर त्यांवर बसवलेला असतो. त्यावर गोंद लागत नाही, सांध्याची जागा खरवडावीच लागते. आणि सांगाड्यातून कापताना जिथे डाग पडतो तिथे चंदेरी रंगाचा ठिपका द्यावा लागतो. टाकीच्या दोन अर्ध्यांचा सांधा चमकत्या भागाच्या मधोमध येतो तेव्हा तो भरून-घासून नीट करायचा तर सगळा मुलामा उतरवावाच लागतो. कपड्यांच्या पांढऱ्या ब्लीचमध्ये भाग काही मिनिटे बुडवला की ॲल्युमिनियम विरून जाते. हे उघड्या खिडकीशी, हातमोजे घालून करावे आणि ब्लीचजवळ संडास धुण्याचे ॲसिड कधीही आणू नये, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. हौशी लोक मुलामा उतरवण्याच्या या टप्प्यावर फार आग्रही असतात. पहिल्या ट्रकला तो करू नये असे मला वाटते. सांधा खालच्या बाजूला फिरवून बसवला तर तो दिसत नाही, आणि जी गोष्ट दिसत नाही तिच्यासाठी पहिल्याच वेळी आठवडा घालवण्यात अर्थ नाही.

जुने खोके नको, असे वर म्हटले त्याचे कारण आता सांगता येईल. टायर मऊ विनाइलचे असतात, आणि विनाइलला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपते. ते पॉलिस्टायरीनला मऊ करते. पन्नास वर्षे न उघडलेल्या खोक्यात टायर जर पुढच्या काचेला टेकून पडले असतील तर काचेवर टायरची नक्षी कायमची कोरलेली निघते. पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे पिवळी पडतात, पाण्यात टाकताच त्यांचे तुकडे होतात. त्यांवर आधी पारदर्शक लाखेचा हात मारून काही वाचवता येतात, सगळी नाही. त्यात असे सीलबंद खोके संग्राहकाला हवे असते आणि त्याची किंमत न उघडण्यात असते. संग्राहकांचा आक्षेप असा, की दुर्मिळ किट नवशिक्याने फोडणे म्हणजे नासाडी. तो मला पटतो, पण तो माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. त्याच साच्यातून अलीकडे काढलेले किट घ्यावे: दोष सगळे तेच, पण चित्रे ताजी, टायर ताजे आणि भाव रास्त. तयार मॉडेलमध्येही हा धोका राहतोच, म्हणून टायर चढवण्याआधी चाकाच्या कडेला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी गुंडाळावी.

राहिला शेवटचा आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप. नव्या काळात मोबियससारख्या कंपन्यांनी नव्याने साचे करून आधुनिक अमेरिकन ट्रक काढले आहेत. ते नीट जुळतात, पत्रके स्वच्छ आहेत. शिवाय जुन्या किटमधला खराब भाग त्रिमित छपाईने काढून घेता येतो. मग नवशिक्याला जुन्या साच्याशी झुंजवायचे कशाला? उत्तर एवढेच, की ज्याला कपाटात एक देखणा ट्रक हवा आहे त्याने खुशाल नवा घ्यावा. त्याच्याशी वाद नाही. वाद आहे तो ‘आधी सोपे, मग अवघड’ या शिडीशी. ती शिडी चढणारे बहुसंख्य लोक दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर सोडून देतात, असे मी आकड्यानिशी म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही. पण शिडी काय शिकवते ते तपासता येते. दाबून बसणारी मोटार पत्रक वाचायला शिकवते. जुना ट्रक पत्रकाच्या आधी वस्तू वाचायला शिकवतो, कारण पत्रकातल्या एकाच चित्रात वीस भाग हवेत तरंगताना दाखवलेले असतात आणि कुठला आधी, कुठला रंगवून, कुठला मागाहून, हे आपणच ठरवायचे असते. इंजिन चासीत बसवण्याआधी रंगवले नाही तर नंतर ब्रश पोचत नाही. केबिनचा तळ आधी चिकटवला तर स्टीअरिंग आत जात नाही. असा क्रम दुसऱ्याने आखून दिला की तो त्या किटपुरता राहतो. आपण आखलेला क्रम पुढच्या कुठल्याही किटला लागू पडतो, नव्यालाही. छापून काढलेला भाग घ्यायचा की हातचा घासून बसवायचा, हे ठरवण्याइतकी नजरही तेव्हाच येते.

हे सगळे मान्य करून कोणी सुरुवात करणार असेल तर आपल्या हवेची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर लाखेच्या जातीचा रंग फवारू नये. द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. ते चार महिने चासी, इंजिन, ब्रशची कामे यांना द्यावे. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की केबिन रंगवावी. फवारणी आणि गोंदकाम दोन्ही खिडकी उघडी ठेवून करावे. आणि पहिल्या खेपेला फक्त ट्रक घ्यावा, त्याच्या मागचा ट्रेलर घेऊ नये. चाळीस फुटी ट्रेलर या प्रमाणात जवळपास एकोणपन्नास सेंटिमीटर लांब होतो, आणि त्याच्या दोन्ही बाजू म्हणजे सलग, सपाट, उजेडात लकाकणारे पत्रे. मोटारीच्या टपाला लागतो तोच हात त्यांनाही लागतो.